दर पावसाळ्यात एसडब्ल्यूआर चढतो? अँटेनाचा रॉड कापण्याआधी स्मिथ चार्टवर हे बघा

जुलै लागला की मला हॅम रेडिओवाल्यांचे (हौशी वायरलेस चालवणाऱ्यांचे) दोन-तीन फोन येतातच, यंदाही आले. कोरेगाव, कराड, खाली मिरज, प्रश्न सगळ्यांचा एकच, "दादा, उन्हाळ्यात एसडब्ल्यूआर १.१ होता, आता दीड-दोन दाखवतोय, रॉड किती कापू?" एसडब्ल्यूआर म्हणजे वायरलेस सेटने पाठवलेली लाट अँटेनाकडून किती परत येते याचं माप, १ म्हणजे काहीच परत येत नाही. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो. पहिलं उत्तर हेच की रॉड कापू नका. मी कापला होता, सेंटिमीटरभर, आणि त्याचा त्रास पुढे दिवाळीपर्यंत पुरला.

आपल्याकडे हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. २०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीत कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते सगळ्यांनी बघितलंय, अशा दिवसांत लाईट जाते, मोबाईलचे टॉवर बसतात, आणि आपला सेट नेमका त्याच आठवड्यात कुरकुरत असेल तर बाकीचे दहा महिने तो छान चालला याला काय अर्थ. म्हणून पावसाळी दोष मी फार मनावर घेतो.

माझा सेटअप सांगतो म्हणजे पुढचे आकडे कळतील. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या बाजूला घर, गच्चीवर दोन मीटरचा जीआय पाईप, त्यावर घरीच बनवलेली ग्राउंड प्लेन अँटेना. दोन मीटर बँड, आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. मधे ४९ सेंमीचा उभा रॉड, खाली ४५ अंशात झुकवलेले चार रेडियल (काड्या), हे सगळं एका एसओ-२३९ सॉकेटवर. तिथून खाली खोलीपर्यंत २० मीटर आरजी-२१३ केबल, दोन्ही टोकांना पीएल-२५९ कनेक्टर, सेट २५ वॉटचा. रेडियल आडवे ठेवले तर अशी अँटेना साधारण ३६ ओहम दाखवते, खाली झुकवले की पन्नासच्या जवळ येते, आणि सेट आणि केबल पन्नास ओहमचेच असतात, म्हणून ते ४५ अंश.

आता पहिल्या पावसाळ्यात काय झालं ते. आर्द्रा कशीबशी कोरडीच गेली, पुनर्वसू लागलं आणि यवतेश्वरच्या बाजूने जे ढग उतरायला लागले ते आठवडाभर हललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सेटवर एसडब्ल्यूआर १.६. माझ्याकडे नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजायचं छोटं मशीन) नवीनच आलेला, तो खोलीतच केबलला लावला, १४५ वर इंपीडन्सचा आकडा आला ३३ + जे११, म्हणजे रेझिस्टन्स ३३ ओहम आणि रिअॅक्टन्स (कॉइल किंवा कॅपॅसिटरसारखा अडथळा) ११ ओहम. जे ची खूण अधिक म्हणजे इंडक्टिव्ह (कॉइलसारखं), वजा असती तर कॅपॅसिटिव्ह, इंडक्टिव्ह म्हणजे अँटेना लांब झाली, लांब झाली तर कापायची. पाऊस जरा उघडल्यावर वर जाऊन कानस लावून बरोबर एक सेंमी कमी केला. खाली आलो तर १.६ चा २.१ झालेला! आणखी कापणार होतो पण पुन्हा सर आली म्हणून राहिलं, ते बरं झालं. ऑक्टोबरात सगळं कोरडं झाल्यावर बघितलं तर सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर १४८ मेगाहर्ट्झला, म्हणजे आपल्या बँडच्या बाहेर, आणि १४५ वर १.४. मग नवीन रॉड लावावा लागला.

चूक कुठे झाली हे मला पुढच्या वर्षी कागदावर चार्ट काढून बसलो तेव्हा कळलं, आणि ज्यांचे फोन येतात त्यातले बहुतेक जण नेमके याच जागी अडकलेले असतात.

खोलीत दिसतं ते अँटेनाचं नसतं

एसडब्ल्यूआर मीटर एकच आकडा देतो. समजा तो म्हणाला २.१, तर वरची वस्तू १०५ ओहम असू शकते, २४ ओहम असू शकते, किंवा ३० वजा जे२२ असू शकते, मीटरला तिन्ही सारखेच. स्मिथ चार्टवर, म्हणजे इंपीडन्स दाखवायच्या गोल आलेखावर, हे तिन्ही बिंदू एकाच वर्तुळावर बसतात, मध्याभोवती काढलेल्या वर्तुळावर, आणि त्या वर्तुळावर आपण नेमके कुठे आहोत हे चार्ट सांगतो. फरक एवढाच आहे पण सगळं त्यातच आहे.

ज्यांनी चार्ट कधी नीट बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बरोबर मध्य म्हणजे ५० ओहम. आडव्या रेषेचं डावं टोक म्हणजे शॉर्ट (मधली तार आणि बॉडी जोडलेली), उजवं टोक म्हणजे ओपन (काहीच न लावलेलं). रेषेच्या वरचा अर्धा भाग इंडक्टिव्ह, खालचा कॅपॅसिटिव्ह. पूर्ण वर्तुळं दिसतात ती सारख्या रेझिस्टन्सची, आणि कडेकडून वाकून आलेल्या कमानी सारख्या रिअॅक्टन्सच्या. केबलमधून अँटेनाकडून सेटकडे यायला लागलो की बिंदू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, आणि अर्ध्या वेव्हलेंथला एक पूर्ण फेरी होते. पूर्ण वेव्हलेंथला नाही, अर्ध्या, हे लक्षात ठेवा, कारण लाट जाते आणि परत येते.

हा चार्ट फिलिप स्मिथ या बेल लॅब्जमधल्या इंजिनियरने १९३९ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात छापला. त्याचं कामच अँटेनाच्या लायनींवर मोजमापं घ्यायचं होतं, प्रत्येक वेळी लांबलचक समीकरणं सोडवत बसण्यापेक्षा चित्रावर पट्टी-कंपासने उत्तर काढता यावं म्हणून त्याने हे केलं. जपानात मिझुहाशी यांनी १९३७ मधेच असाच चार्ट मांडला होता, पण नाव स्मिथचं राहिलं. मला यातली गोष्ट आवडते ती ही की तो लायनीवर हाताने काम करणाऱ्या माणसाने काढलाय, गच्चीवर उभा राहून वापरता येतो.

आता माझं गणित. १४५ मेगाहर्ट्झला हवेत वेव्हलेंथ २.०६९ मीटर. आरजी-२१३ चा व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधे लाट हवेच्या मानाने किती वेगाने जाते ते) ०.६६, म्हणजे केबलच्या आत ती १.३६५ मीटर होते आणि अर्धी वेव्हलेंथ ६८.३ सेंमी. म्हणजे केबल दर ६८ सेंमीला बिंदू एक पूर्ण फेरी मारून आणते! २० मीटरमधे २९ फेऱ्या पूर्ण होतात आणि वर १०५ अंश उरतात. वर अँटेनाजवळ खरं इंपीडन्स होतं ३० वजा जे२२ (हे पुढच्या वर्षी मोजल्यावर कळलं, ते पुढे सांगतो), चार्टच्या खालच्या भागात, डावीकडे. तिथून काट्याच्या दिशेने १०५ अंश फिरवा, बिंदू आडवी रेषा ओलांडून वरच्या भागात जातो. शिवाय केबलचा लॉस (वाटेत वाया जाणारी पॉवर, डीबीत मोजतात) आहेच, २० मीटर आरजी-२१३ ला या फ्रिक्वेन्सीला साधारण १.७ डीबी, तो जाताना एकदा येताना एकदा, म्हणून बिंदू मध्याकडे सरकतो. दोन्ही मिळून खोलीत दिसलं ३३ + जे११. कॅपॅसिटिव्ह गोष्ट मला इंडक्टिव्ह दिसली, आणि वर २.१ असलेला एसडब्ल्यूआर खाली १.६ दिसला. मशीन खरं तेच बोलत होतं, मी चुकीच्या टोकाला उभा राहून ऐकत होतो.

मग कुणी म्हणेल, उलटं फिरवून घ्यायचं की, १०५ अंश मागे. मीही तसंच म्हणालो होतो. पण विचार करा, केबलची लांबी किंवा व्हेलॉसिटी फॅक्टर एक टक्क्याने चुकला तर २० मीटरवर २० सेंमीचा फरक, आणि २० सेंमी म्हणजे परत १०५ अंशच. एक टक्का तर केबलच्या एका बंडलापासून दुसऱ्यात सहज बदलतो. म्हणजे २० मीटर केबलच्या खालून मोजून कागदावर वरचं इंपीडन्स काढायला जाणं म्हणजे अंदाजपंचे. वर इंडक्टिव्ह आहे का कॅपॅसिटिव्ह एवढंसुद्धा भरवशाने सांगता येत नाही.

आखूड शेपटीचंही, म्हणजे केबलच्या छोट्या तुकड्याचंही, तेच. बरेच जण नॅनोव्हीएनएच्या तोंडावर कॅलिब्रेशन (ओपन, शॉर्ट आणि ५० ओहमचा लोड लावून मशीन जुळवून घेणं) करतात आणि मग ३० सेंमीची केबल आणि दोन अॅडॉप्टर लावून मोजायला लागतात. ३० सेंमी म्हणजे १५८ अंश, जवळजवळ अर्धी फेरी, ओपन जिथे दिसायला पाहिजे तिथे शॉर्टच्या आसपास काहीतरी दिसणार. तपासायची साधी रीत: जिथे अँटेना लावणार त्याच टोकाला आधी काही न लावता बघा, बिंदू चार्टच्या पार उजव्या टोकाला गेला पाहिजे, मग शॉर्ट लावा, पार डाव्या टोकाला, मग ५० ओहमचा लोड, बरोबर मध्यात. तिन्ही जागा बरोबर आल्या तरच पुढे जा, नाहीतर जुनं कॅलिब्रेशन रीसेट करून, आधी फ्रिक्वेन्सी रेंज ठरवून, त्याच टोकाला नव्याने करा. रेंज नंतर बदलली की कॅलिब्रेशनवर भरवसा ठेवू नका, हे तर मी पाटीवर लिहून भिंतीला लावलंय. पीएल-२५९ च्या टोकाला करायचं असेल तर तीन एसओ-२३९ सॉकेट घ्या, एक मोकळं, एकाचा मधला पिन बॉडीला आखूड तारेने जोडलेला, एकावर १०० ओहमचे दोन छोटे चिप रेझिस्टर पॅरलल. १४५ मेगाहर्ट्झपर्यंत एवढ्यावर काम भागतं.

अर्ध्या वेव्हलेंथची शेपूट

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात मी केबलचा वरचा २७३ सेंमीचा तुकडा वेगळा केला. २७३ का, तर ६८.३ ची चौपट. बरोबर चार फेऱ्या पूर्ण होतात म्हणून अँटेनाजवळ जे आहे तेच या शेपटीच्या खालच्या टोकाला दिसतं, निदान १४५ वर तरी, लॉस अगदी थोडा. हे टोक जिन्याच्या छपराखाली एका प्लॅस्टिकच्या डब्यात आणून ठेवलं, म्हणजे भर पावसात कोरडं उभं राहून मोजता येतं. लांबी नुसती टेपने मोजून चालत नाही, कनेक्टरची लांबी पण त्यात धरायला लागते, म्हणून वरच्या टोकाला शॉर्ट लावून खालून बघत बघत थोडी थोडी कापली, १४५ ला बिंदू पार डाव्या टोकाला येईपर्यंत. केबल मात्र अशी कापायला हरकत नाही, सुरुवात दहा सेंमी जास्त घेऊन करा.

ज्यांना वर असं टोक काढणं शक्य नाही त्यांनी लांब केबलसकट कॅलिब्रेशन करावं, मशीन खाली, आणि वर कुणीतरी ओपन, शॉर्ट, लोड बदलायला. मिरजेच्या मित्राकडे आम्ही असंच केलं, मी खाली, त्याचा पुतण्या गच्चीवर, "काका, आता कुठलं लावू?" "मोकळं ठेव, हात लावू नकोस!" असं ओरडत ओरडत पंधरा मिनिटांत झालं. केबलमधे आठ-दहा डीबी लॉस नसेल तर ही पद्धत चांगली चालते.

मे मधे कोरड्यात माझं वाचन ४६ वजा जे४. लिहून ठेवलं, तारखेसकट. हे कोरडं वाचन वहीत असणं फार गरजेचं आहे, नाहीतर पावसात काय बदललं हे कशाशी ताडून बघणार. जुलैत पुन्हा तसाच पाऊस, पुन्हा खोलीत १.६, डब्यात बघितलं तर ३० वजा जे२२.

आता इथे चार्टचा खरा उपयोग. इंपीडन्समधे बघितलं तर रेझिस्टन्स पण बदललाय, रिअॅक्टन्स पण बदललाय, काहीच बोध होत नाही. पण याच दोन बिंदूंचं अॅडमिटन्स काढा, म्हणजे इंपीडन्सचं उलट (१ भागिले इंपीडन्स), त्यासाठी चार्टवर मध्यातून सरळ पलीकडे तेवढ्याच अंतरावर जा, किंवा नॅनोव्हीएनएच्या नव्या फर्मवेअरमधे मार्करला जी अधिक जेबी असं वाचन निवडा, जी म्हणजे कंडक्टन्स, बी म्हणजे सस्सेप्टन्स. कोरड्यात कंडक्टन्स २१.६ मिलिसीमेन्स, सस्सेप्टन्स १.९. ओल्यात कंडक्टन्स २१.७, सस्सेप्टन्स १५.९. बघा, कंडक्टन्स जागच्या जागी, वाढला फक्त सस्सेप्टन्स, १४ मिलिसीमेन्सने. म्हणजे अँटेना तीच आहे, तिच्या तोंडाशी कुणीतरी पॅरलल कॅपॅसिटर लावून ठेवलाय. किती, तर १४५ मेगाहर्ट्झला १४ मिलिसीमेन्स म्हणजे सुमारे १५ पिकोफॅरड. आणि पावसात अँटेनाच्या तोंडाशी कॅपॅसिटर कोण लावणार, पाणीच. केबलमधल्या पॉलिथिनचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (मधे भरल्यावर कॅपॅसिटन्स किती पट होतो तो आकडा) सव्वादोनच्या आसपास, पाण्याचा ऐंशीच्या जवळ. सॉकेटमधे जिथे हवा असते तिथे चमचाभर नव्हे, थोडे थेंब साठले तरी पुरे.

रॉडची लांबी बिघडली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. तेव्हा १४० ते १५० मेगाहर्ट्झची जी वाकडी रेघ चार्टवर उमटते तिचा आकार तसाच राहतो आणि मार्कर त्याच रेघेवर पुढे-मागे सरकतो. पॅरलल काही लागलं की अख्खी रेघच सारख्या कंडक्टन्सच्या वर्तुळावरून उचलून दुसरीकडे जाते. सिरीजमधे दोष असेल, म्हणजे गंजलेला नट किंवा सुटलेलं सोल्डर, तर रेघ सारख्या रेझिस्टन्सच्या वर्तुळावरून जाते किंवा रेझिस्टन्सच वाढतो, आणि वाऱ्याने पाईप हलला की बिंदू उड्या मारतो. तीन दोष, तीन वेगळ्या चाली, एसडब्ल्यूआरच्या काट्याला तिन्ही सारखेच.

खात्री करायला मी एक्स्टेंशन बोर्ड छपराखाली घेतला, पाऊस पूर्ण थांबल्यावर घरातला हेअर ड्रायर घेतला आणि पाईप आडवा करून अँटेनाच्या बुडाशी गरम हवा मारत बसलो, पुतणीला डब्याजवळ मशीन बघायला बसवलं. पहिली दोन-तीन मिनिटं काही नाही. मग ती म्हणाली, "काका, ठिपका हलतोय." खालच्या डावीकडून ठिपका हळूहळू गोल वळत मध्याकडे निघाला, सरळ रेषेत नाही, त्या कंडक्टन्सच्या वर्तुळावरूनच, रुळावरून गाडी यावी तसा, आणि दहा मिनिटांत ४५ वजा जे५ वर येऊन थांबला. पुस्तकात वाचलेलं वर्तुळ डोळ्यासमोर ठिपक्याने काढून दाखवलं, तो दिवस मी विसरणार नाही. मग कनेक्टर उघडला. बाहेरून झकास टेप, आत रिंग फिरवल्याबरोबर तळहातावर मातकट पाण्याचे तीन थेंब पडले. केबलची जाळी कनेक्टरच्या तोंडाशी काळी, तिच्यावर हिरवट बुरशीसारखा थर, पांढरं पॉलिथिन पिवळट पडलेलं. काळी जाळी कुठवर गेलीय बघत केबल सोलत गेलो तर तब्बल ४० सेंमी, तिथून पुढे तांबं लख्ख. जाळी दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढते, आणि पाणी वरून आत गेलं की उतारावर खालीच येत राहणार.

बिंदू मध्यात, तरी आवाज कुणाला जात नाही

हा उलटा दोष आहे आणि जास्त धोक्याचा, कारण मीटर सगळं ठीक म्हणतो. मिरजेच्या मित्राचं हेच झालेलं. २५ मीटर आरजी-५८, एसडब्ल्यूआर १.३, नुसतं १४५ ला नाही तर १३० पासून १६० पर्यंत सगळीकडे १.३ च्या आसपास. तो खूश, "एवढी ब्रॉडबँड अँटेना कुणाकडे नसेल," पण सांगलीच्या पलीकडे त्याला कुणी ऐकत नव्हतं. साध्या ग्राउंड प्लेनचा एसडब्ल्यूआर एवढ्या रुंद पट्ट्यात सपाट राहतच नाही, राहिला तर शंका घ्या.

मी म्हणालो, वरून अँटेना काढून टाक, केबलचं टोक मोकळं ठेव, आणि खालून बघ. टोक मोकळं म्हणजे सगळी पॉवर परत यायला हवी, एसडब्ल्यूआर अनंत. केबलचा लॉस धरला तरी चांगल्या २५ मीटर आरजी-५८ ला एका दिशेने ५ डीबी, जाऊन-येऊन १०, म्हणजे एसडब्ल्यूआर १.९ दिसला पाहिजे. त्याला दिसला १.४. अँटेनाच नाही आणि मीटर म्हणतो १.४! रिटर्न लॉस (पॉवर जाऊन परत येईपर्यंत किती कमी झाली ते) १६ डीबी, निम्मा ८ डीबी, हा एका दिशेचा लॉस. २५ वॉटमधले वर पोचत होते ४, बाकीचे २१ वॉट केबल तापवण्यात. पावसाचं पाणी पिऊन ती केबल स्वतःच डमी लोड (पॉवर नुसती उष्णतेत घालवणारा रेझिस्टर) झाली होती.

चार्टवर हे बघायला फार स्वच्छ दिसतं. मोकळ्या टोकाची, कमी लॉसची केबल लावून फ्रिक्वेन्सी फिरवली की रेघ चार्टच्या कडेकडेने गोल गोल फेऱ्या मारते. लॉस जितका जास्त तितका फेऱ्यांचा घेर लहान, आणि फ्रिक्वेन्सी वाढत जाईल तसा लॉसही वाढतो म्हणून रेघ गोगलगायीच्या शंखासारखी आत आत गुंडाळत जाते. त्याच्या केबलची गुंडाळी मध्याजवळ पाच रुपयाच्या नाण्याएवढी झाली होती. म्हणून सवय लावून घ्या, अँटेना लावून बिंदू मध्यात आला एवढ्यावर थांबू नका, एकदा टोक मोकळं ठेवूनही बघा.

त्याच्या केबलमधे अजून एक गोष्ट सापडली. १०० ते २०० मेगाहर्ट्झ अशी रुंद रेंज घेतल्यावर रिटर्न लॉसच्या रेघेवर दर १५ मेगाहर्ट्झला एक लाट येत होती, चार्टवर तेच छोट्या छोट्या गाठींसारखं. ०.६६ व्हेलॉसिटी फॅक्टरच्या केबलला सोपा हिशेब आहे: ९९ ला त्या मेगाहर्ट्झमधल्या अंतराने भागा, दोष किती मीटरवर आहे ते मिळतं. ९९ भागिले १५ म्हणजे ६.६ मीटर. टेप धरून मोजत गेलो, ६.६ मीटरवर खिडकीचं ग्रिल, केबल ग्रिलच्या पट्टीवरून काटकोनात वाकवून खिळ्याने ठोकलेली आणि तिथेच वरचं काळं आवरण चिरलेलं. पाणी वरून नाही, तिथून आत जात होतं. वर कनेक्टरला टेपवर टेप गुंडाळून काय होणार होतं. फोमच्या केबलला हा ९९ चालणार नाही, तिचा फॅक्टर वेगळा, १५० ला फॅक्टरने गुणा आणि तो आकडा वापरा. आणि लाटा जवळजवळ असतील तर मशीनवर पॉइंट वाढवा, शंभर मेगाहर्ट्झमधे शंभरच पॉइंट असले तर बारीक लाट दिसणारच नाही.

मोजताना एक खबरदारी, केबलवर हात फिरवून बघा. हात फिरवल्यावर चार्टवरची रेघ हलत असेल तर केबलच्या बाहेरच्या अंगाने करंट वाहतोय, तेव्हा मिळणारा कुठलाच आकडा धरू नका, आधी अँटेनाच्या बुडाशी केबलवर दोन-चार फेराइट मणी चढवा, मग मोजा.

मी काय केलं

काळी पडलेली ४० सेंमी केबल टाकून दिली. ती वाळवून परत वापरायचा मोह होतो, पण वाळली तरी काळी जाळी लॉस देतच राहते. शेपूट नवीन केली, पुन्हा २७३ सेंमी. पीएल-२५९ मुळातच पाण्याला अडवायला बनवलेला नाही, जमलं तर बाहेरच्या जोडाला एन टाईप वापरा, त्यात रबराची रिंग असते. माझ्या सॉकेटमुळे मला पीएल-२५९ च ठेवावा लागला, तर जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबरी टेप, ताणून निम्म्या रुंदीला आणून, खालून वर गुंडाळत गेलो. खालून वर हे महत्त्वाचं, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर बसतो, घराच्या कौलांसारखा, पाणी ओघळून जातं. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक वेढ्याची कड पाणी धरायला वर तोंड करून बसते, आणि माझी आधीची "झकास टेप" नेमकी तशीच होती. त्यावर साधी काळी टेप, उन्हापासून वाचवायला. सिलिकॉन वापरणार असाल तर वासावर जा, व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं तांब्याला खातं, बिनवासाचं न्यूट्रल घ्या. रॉडच्या बुडाशी सॉकेटच्या वरच्या बाजूलाही थोडं भरा, पाणी पुष्कळदा तिथूनच उतरतं. केबल जोडातून निघाल्यावर सरळ खाली न सोडता एक झोळ देऊन मग पाईपला बांधा, आणि खिडकीतून आत घेण्याआधी दुसरा झोळ, थेंब झोळाच्या तळाशी येऊन पडतात.

यंदाच्या पुनर्वसूत, चार दिवसांच्या संततधारेनंतर डब्यातलं वाचन ४५ वजा जे५, कंडक्टन्स २२, सस्सेप्टन्स अडीचच्या खाली. मिरजेला आरजी-५८ काढून आरजी-२१३ टाकली, ग्रिलला वळसा न देता भिंतीत तिरकं भोक पाडून, भोकाचा उतार बाहेरच्या बाजूला. टोक मोकळं ठेवून त्याने परवा बघितलं, रिटर्न लॉस साडेचार डीबी, म्हणजे एका दिशेला सव्वादोन, २५ मीटरला बरोबर तेवढाच असायला हवा. अँटेना लावल्यावर आता त्याचा एसडब्ल्यूआर १४३ च्या खाली आणि १४८ च्या वर चढतो, तो जरा नाराज होता, मी म्हणालो चढू दे, आता ती अँटेना दिसतेय.